कार्ड बंद होतं, मग गुन्हा कसला?

पत्र:

"ताई, माझा मुलगा दीड वर्षापूर्वी एमएस करायला डॅलसजवळ गेला. चौघं मुलं एका अपार्टमेंटमध्ये राहायची. किराणा आणि जेवण मागवायच्या ॲपवर त्यांच्यातल्या एकाचं क्रेडिट कार्ड सेव्ह केलेलं होतं, महिन्याच्या शेवटी हिशोब करून सगळे त्याला पैसे द्यायचे. तो मुलगा नोकरी लागून दुसऱ्या गावी गेला, जाताना व्हॉट्सॲपवर लिहिलं की ते कार्ड मी बंद केलंय, ॲपमधून काढून टाका. माझ्या मुलाने काढलं नाही. त्याचं कॉलेजमधलं पार्टटाइम काम सुटलं होतं, घरी सांगायची लाज वाटली, एकदा करून बघितलं तर ऑर्डर गेली. मग तीन महिने त्याच कार्डावर मागवत राहिला, ७३० डॉलर झाले. आता त्या रूममेटने पोलिसात तक्रार केलीय आणि डिटेक्टिव्हचा फोन आलाय की येऊन भेट. मुलगा म्हणतो कार्ड तर बंद होतं, बंद कार्डावर फसवणूक कशी होईल, चूक बँकेची आहे. माझा भाऊ म्हणतो रूममेटला पैसे देऊन तक्रार मागे घ्यायला लावू, नाहीतर पोराला पुढच्या विमानाने बोलावून घेऊ. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. काय करू? – एक आई, सांगली"

ताई, तुमचं पत्र काल रात्री वाचलं आणि थांबायचा धीर झाला नाही, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हालाच लिहितेय. पहिलं काम सांगते, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. मुलाला फोन लावा. इथे रात्रीचे दोन वाजलेले असले तरी लावा. त्याला सांगा की त्या डिटेक्टिव्हला एकट्याने भेटायला जायचं नाही, फोनवर काही समजावून सांगत बसायचं नाही, फक्त इतकंच म्हणायचं की मी वकिलाशी बोलतोय आणि माझा वकील तुम्हाला फोन करेल. असं म्हणणं हा उद्धटपणा नाहीये, तो त्याचा हक्क आहे, अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीतला, आणि विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलालाही तो तितकाच आहे.

मी इतक्या घाईने का सांगतेय ते ऐका. मी वकील नाही. मी टेक्सासमध्ये, म्हणजे तुमचा मुलगा आहे त्याच राज्यात, गेली बरीच वर्षं कोर्टात दुभाष्याचं काम करते, हिंदी आणि मराठी, म्हणजे आरोपीच्या शेजारी उभं राहून जज काय म्हणतात ते त्याच्या भाषेत सांगायचं आणि तो काय म्हणतो ते इंग्रजीत सांगायचं. कोणाचं प्रकरण मी इथे सांगणार नाही, पण आपल्या मुलांची एक सवय बघून बघून मला पाठ झालीय. घरात आणि शाळेत आपण त्यांना शिकवलेलं असतं की मोठ्या माणसासमोर खरं बोलावं, चूक कबूल करावी, हात जोडावेत, मग समोरचा दोन शब्द ऐकवून सोडून देतो. आणि आपल्याकडे हेडमास्तर सोडतातही. इथला डिटेक्टिव्ह शांतपणे ऐकून घेतो, पाणी विचारतो, आणि सगळं रेकॉर्ड होत असतं. "सर मला माहीत होतं ते कार्ड बंद केलेलं आहे, पण माझ्याकडे पैसे नव्हते" असं तुमचा मुलगा अगदी मनापासून बोलेल आणि त्यातलं "मला माहीत होतं" एवढंच सरकारी वकिलाला पुरेल. का पुरेल ते पुढे सांगते.

फोनवर आणखी एक गोष्ट सांगा, काहीही डिलीट करायचं नाही. ॲपमधल्या जुन्या ऑर्डरी, व्हॉट्सॲपचा तो ग्रुप, ईमेल, काही म्हणजे काही नाही. त्या कार्डावर ऑर्डर करणं अर्थात आजपासून पूर्ण बंद, पण पुरावा पुसायला जायचं नाही. चौकशी सुरू आहे हे माहीत असताना पुरावा नष्ट करणं हा टेक्सासमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे, थर्ड डिग्री फेलनी (फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा), २ ते १० वर्षं कैद, म्हणजे मूळ गुन्ह्यापेक्षा मोठा. घाबरलेलं पोर रात्री बसून चॅट पुसत असतं आणि त्याला वाटतं आपण सुटतोय, आणि प्रत्यक्षात तो दुसरा खड्डा खणत असतो जो पहिल्यापेक्षा खोल आहे.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न, आणि तो प्रश्न मूर्खपणाचा नाही, साधं तर्काने बघितलं तर कोणालाही तसंच वाटेल. कार्ड बंद होतं म्हणजे ते कार्डच राहिलं नव्हतं, तो नुसता नंबर होता, आणि त्या नंबरावर जर बँकेने पैसे सोडले तर चूक बँकेची. पण टेक्सासचा कायदा नेमका उलट्या बाजूने लिहिलेला आहे. टेक्सास पेनल कोडचं कलम ३२.३१, क्रेडिट कार्ड किंवा डेबिट कार्डचा गैरवापर. त्यात म्हटलंय की फसवणुकीने फायदा मिळवायच्या इराद्याने जो कोणी कार्ड वापरतो, आणि त्याला माहीत असतं की हे कार्ड आपल्या नावावर दिलेलं नाही आणि ज्याचं आहे त्याची संमती नाही, किंवा माहीत असतं की कार्डाची मुदत संपलीय किंवा ते रद्द झालंय, तो गुन्हा करतो. म्हणजे कार्ड रद्द असणं ही सुटायची वाट नाहीये ताई, ते गुन्ह्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. तुमचा मुलगा पोलिसांना जाऊन "कार्ड तर बंद होतं" असं बचाव म्हणून सांगेल आणि ते सांगतानाच कलमातली सगळ्यात अवघड अट, की त्याला माहीत होतं, ती स्वतःच्या तोंडाने पूर्ण करून देईल. स्वतःचं कार्ड बँकेने रद्द केलेलं असताना ते वापरलं तरी हेच कलम लागू शकतं, इथे तर कार्डही दुसऱ्याचं आहे.

आणि हातात प्लॅस्टिकचं कार्ड नव्हतं, नुसता ॲपमध्ये नंबर होता, हेही उपयोगाचं नाही. त्याच कलमाच्या व्याख्येत लिहिलंय की वस्तू मागवताना कार्ड प्रत्यक्ष दाखवलं नसेल तर त्याचा नंबर किंवा वर्णनसुद्धा कार्डच समजायचं.

रकमेचं तर विचारू नका. आपल्याला वाटतं ७३० डॉलर म्हणजे छोटी चोरी, छोटी शिक्षा. टेक्सासमध्ये साध्या चोरीला तशा पायऱ्या आहेत, रक्कम वाढते तसा गुन्हा वाढतो, पण या कार्डाच्या कलमाला पायऱ्याच नाहीत. दहा डॉलरचं जेवण मागवलं तरी स्टेट जेल फेलनी, म्हणजे कमीत कमी १८० दिवस आणि जास्तीत जास्त २ वर्षं स्टेट जेल, वर १०,००० डॉलरपर्यंत दंड. ज्याचं नुकसान झालं तो माणूस ६५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर आणखी एक पायरी वर. कॅलिफोर्नियात वेगळं आहे, तिथे रद्द किंवा मुदत संपलेलं कार्ड वापरणं चोरीत धरतात आणि सहा महिन्यांत ९५० डॉलरच्या वर गेलं तरच मोठी चोरी होते. म्हणून मुलाच्या मित्रांपैकी कोणी सॅन होजेवाला सांगत असेल की अरे हे तर मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा आहे, काही होत नाही, तर तो त्याच्या राज्याचं सांगतोय. तुमच्या मुलाने त्याच्यावर विसंबून राहू नये. शिवाय एक केंद्र सरकारचा कायदाही आहे, युनायटेड स्टेट्स कोडच्या १८ व्या खंडातलं कलम १०२९, त्यातही हरवलेलं, चोरीचं, मुदत संपलेलं, रद्द झालेलं असं सगळं अनधिकृत साधन म्हणून नाव घेऊन लिहिलंय, शिक्षा १० वर्षांपर्यंत, पण तिथे एका वर्षात १,००० डॉलर किंवा जास्त फायदा झाला पाहिजे अशी अट आहे. ७३० वर ते लागत नाही. म्हणून तर म्हणतेय की आजपासून एकही ऑर्डर नको.

मग बंद कार्डावर ऑर्डर गेलीच कशी, हे तुम्ही विचाराल आणि वकीलही विचारेल. यात जादू काही नाही. कार्ड हरवलं किंवा बदललं की बँक नवीन नंबर देते, पण ते जुनं कार्ड दहा ठिकाणी सेव्ह केलेलं असतं, ॲप, वीजबिल, जिमची फी. ते सगळं अडू नये म्हणून व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी एक सोय केलेली आहे की दुकानदाराकडे सेव्ह असलेला जुना नंबर मागच्या मागे नवीन नंबराने अपडेट होतो, ग्राहकाला काही करावं लागत नाही. म्हणजे रूममेटने बहुतेक खातं पूर्ण बंद केलेलं नसावं, कार्ड बदलून घेतलं असावं, आणि ॲपला नवीन नंबर आपोआप मिळत राहिला. तुमच्या मुलाला वाटलं आपण मेलेल्या कार्डावर मागवतोय, कोणाचंच जात नाहीये, आणि प्रत्यक्षात त्या मुलाच्या चालू कार्डावर रोज जेवणाची रक्कम पडत होती. हे नीट समजून घ्या, कारण "कोणाचं नुकसान झालं नाही" असं तुमच्या घरात कोणी म्हणायला लागलं तर ते खरं नाही. तो रूममेटही कोणाचं तरी पोरगंच आहे, नवीन गावात पहिली नोकरी, आणि स्टेटमेंट उघडलं तर तीन महिन्यांच्या ऑर्डरी जुन्या पत्त्यावर गेलेल्या. मी त्याच्या जागी असते तर मीही तक्रार केली असती.

माहीत असणं हाच या कलमाचा कणा आहे असं मी वर म्हटलं. कायद्यात असंही आहे की कार्ड देणाऱ्या बँकेने रद्द झाल्याची सूचना दिली असेल, समक्ष, फोनवर, पत्राने किंवा तारेने, हो, तार हा शब्द अजून त्या कलमात आहे, तर वापरणाऱ्याला माहीत होतं असं गृहीत धरता येतं. तुमच्या मुलाला बँकेने काही कळवलेलं नाही कारण कार्ड त्याचं नव्हतं, म्हणून ते गृहीतक त्याच्यावर सरळ लागत नाही. पण रूममेटचा व्हॉट्सॲप मेसेज आहे, आणि ग्रुपवर तुमच्या मुलाने अंगठ्याचा इमोजी टाकला असेल किंवा "ओके भाई" लिहिलं असेल तर सरकारी वकिलाला कोर्टात फार समजावून सांगायची गरज उरत नाही.

याचा अर्थ सगळं संपलं असा नाही. त्याच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे. एकेकाळी त्या कार्डावर मागवायला चौघांना परवानगी होती, हिशोबाचा एक्सेल किंवा स्प्लिटवाइजसारखं खर्च वाटून घ्यायचं ॲप असेल, ॲपचा पासवर्ड बाकी दोघांकडेही असेल आणि त्या ७३० मधल्या काही ऑर्डरी त्यांच्याही असतील, मेसेज कधी आला आणि पहिली ऑर्डर कधी गेली, नंतर पैसे द्यायचं काही बोलणं झालं होतं का. हे सगळं महत्त्वाचं आहे. पण हे मांडायचं काम वकिलाचं, आणि वकिलाला सोडून दुसऱ्या कोणालाही मुलाने हे सांगायचं नाही, मित्राला नाही, बाकीच्या दोन रूममेटना तर अजिबातच नाही, कारण उद्या तेच साक्षीदार असतील. वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं, मित्राशी बोललेलं राहत नाही.

आता तुमच्या भावाचं. ते काळजीपोटीच बोलतायत यात मला शंका नाही, आणि आपल्याकडच्या हिशोबाने ते चुकीचंही बोलत नाहीयेत. भारतात फसवणुकीच्या गुन्ह्यात, भारतीय न्याय संहितेच्या ३१८ (४) मध्येसुद्धा, कोर्टाच्या परवानगीने तक्रारदाराशी तडजोड होऊ शकते आणि केस संपते. त्यामुळे "मिटवून टाकू" हा शब्द आपल्या तोंडात बसलेला आहे. टेक्सासमध्ये केस स्टेट ऑफ टेक्सास विरुद्ध तुमचा मुलगा अशी असते. रूममेट फक्त साक्षीदार. त्याने उद्या म्हटलं की माझी तक्रार नाही तरी केस चालवायची की नाही ते डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे सरकारी वकील ठरवतो. आणि तक्रार मागे घे म्हणून परस्पर पैसे दिले तर तो साक्षीदाराला फितवण्याचा वेगळा गुन्हा होऊ शकतो. सांगलीहून मामाने फोन करून "बेटा हजार डॉलर घे आणि विषय संपव" म्हटलं, चांगल्या मनाने म्हटलं, तरी त्या मुलाने ते रेकॉर्ड करून डिटेक्टिव्हला दिलं की तुमच्या मुलाच्या गळ्यात दुसरी केस. भावाला आजच सांगा, त्या मुलाचा नंबर लावायचाच नाही.

पैसे द्यायचेच नाहीत असं मी म्हणत नाहीये. द्यावेत, पूर्ण द्यावेत, आणि देण्याची तयारी लवकर दाखवली तर त्याचा उपयोग होतो. पण वकिलामार्फत आणि सरकारी वकिलाच्या माहितीने, कारण त्या पद्धतीने झालेली वाजवी भरपाई कायद्याला मान्य आहे. आणि पैसे नेमके कोणाला द्यायचे हेही बघावं लागेल. अमेरिकेत क्रेडिट कार्डाचा कोणी परस्पर वापर केला तर कार्डधारकावर कायद्याने ५० डॉलरच्या वर बोजा पडत नाही, त्यामुळे रूममेटला बहुतेक बँकेने पैसे परत केले असतील आणि तोटा बँकेच्या किंवा ॲपच्या अंगावर गेला असेल. म्हणजे मामांनी घाईने पाठवलेले हजार डॉलर चुकीच्या माणसाला गेले असते.

दुसरं, विमान. अजून त्याच्यावर आरोप ठेवलेला नाही, त्यामुळे तो देशाबाहेर गेला तर त्या क्षणी बेकायदा काही नाही. पण त्यानंतर वॉरंट निघालं तर ते तसंच राहतं, आणि टेक्सासच्या कायद्यात आरोपी राज्याबाहेर असलेला काळ खटला भरायच्या मुदतीत मोजत नाहीत, म्हणजे पाच वर्षं मिरजेत राहिला म्हणून केस जुनी होत नाही. डिग्री अर्धवट, कर्ज डोक्यावर, आणि पुढे कधी अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरला तर त्यात विचारतात कधी अटक किंवा शिक्षा झालीय का. पळून आलेल्या मुलाला त्या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर बरोबर घेऊन फिरावं लागतं. वकिलाने सगळं बघून सांगितलं की परत जाणं बरं, तर ती वेगळी गोष्ट.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते. तुरुंगाची भीती तुम्हाला वाटतेय ते साहजिक आहे, पण पहिल्यांदा चुकलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मला त्याहून जास्त भीती वाटते ती सोप्या दिसणाऱ्या सुटकेची. टेक्सासमध्ये गुन्हा कबूल करण्याआधी जजने आरोपीला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे असं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे: तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर या कबुलीमुळे तुम्हाला देशातून काढलं जाऊ शकतं, परत प्रवेश नाकारला जाऊ शकतो, नागरिकत्व नाकारलं जाऊ शकतं. ते वाक्य मराठीत किंवा हिंदीत सांगायचं काम माझं असतं. मी ते हळू सांगते, शब्द न गाळता, आणि कितीदा तरी मला जाणवतं की शेजारचा मुलगा ते पहिल्यांदाच ऐकतोय. त्या वेळी थांबवायची मला परवानगी नाही, मी फक्त दुभाषी असते. म्हणून तुम्हाला आधीच सांगतेय.

होतं काय, की वकील येऊन म्हणतो, चांगली बातमी आहे, डिफर्ड ॲडज्युडिकेशन मिळतंय. म्हणजे गुन्हा कबूल करायचा किंवा आव्हान देत नाही म्हणायचं, जज दोषी ठरवत नाहीत, काही काळ देखरेखीखाली राहायचं, नीट वागलं की केस रद्द. टेक्सासमध्ये जन्मलेल्या मुलासाठी ही खरंच चांगली गोष्ट आहे. पण इमिग्रेशनचा कायदा वेगळं मोजतो. कबुली दिली आणि जजने स्वातंत्र्यावर कसलंही बंधन घातलं की त्यांच्या लेखी ती शिक्षाच, मग राज्याने केस नंतर रद्द केली तरी. आणि फसवणुकीचा इरादा असलेला गुन्हा नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यात धरतात. अमेरिकेत प्रवेश केल्यापासून पाच वर्षांच्या आत असा गुन्हा केला आणि त्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा देता येत असेल तर माणूस हद्दपारीला पात्र होतो. देता येत असेल, म्हणजे प्रत्यक्षात किती दिली ते नाही. तुमच्या मुलाला येऊन दीड वर्ष झालंय. आणि समजा वकिलाने खूप भांडून फेलनीचं क्लास ए मिसडिमीनर करून आणलं, तर त्याची कमाल शिक्षा बरोबर एक वर्ष आहे, म्हणजे त्या रेषेवर येऊनसुद्धा तो हद्दपारीच्या कक्षेत राहतोच. त्याखालच्या क्लास बीची कमाल १८० दिवस. घरच्यांना वाटतं ए आणि बीमध्ये काय एवढा फरक, दंडच तर भरायचाय. त्या एका अक्षरावर मुलाचा इथला मुक्काम ठरू शकतो.

यावर सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे, पडिला विरुद्ध केंटकी. होंडुरासचा माणूस, चाळीस वर्षं कायदेशीर रहिवासी, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला, त्याला वकील म्हणाला तू इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस, कबूल कर. त्याने केलं आणि हद्दपारीचं प्रकरण उभं राहिलं. कोर्टाने ठरवलं की कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. म्हणून तुमच्या मुलाने वकिलाला पहिल्याच भेटीत सांगायचं की मी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे, आणि मला कुठल्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाचं मत लेखी हवंय. फौजदारी वकील त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात रोज जाणारा असावा, कारण डॅलस, कॉलिन, डेंटन शेजारी शेजारी असल्या तरी तिथले सरकारी वकील आणि त्यांच्या पद्धती एकसारख्या नाहीत. वकिलाला हेही विचारायचं की आरोपपत्र होण्याआधी बोलणी करता येतील का, फेलनी असल्यामुळे प्रकरण ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर जातं, त्याआधी काही मांडता येईल का, आणि त्या काउंटीत असा प्रीट्रायल डायव्हर्जन, म्हणजे खटल्याऐवजी देखरेखीचा कार्यक्रम आहे का ज्यात गुन्ह्याची कबुली द्यावी लागत नाही. डायव्हर्जन हा शब्द ऐकून खूश होऊ नका, कबुलीचा कागद त्यात आहे की नाही तेवढं बघा.

वकील कुठून आणायचा? टेक्सासच्या स्टेट बारची, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संस्थेची, वकील सुचवण्याची सेवा आहे. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला कार्यालय असतं, फौजदारी केस ते लढवतीलच असं नाही पण नाव देतात. आरोप ठेवला गेला आणि पैसे नसतील तर कोर्टाकडून वकील मागता येतो, पण तोपर्यंत थांबू नका, आत्ताचे हे दिवस फार मोलाचे आहेत. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या मॅडम चांगल्या असतात, पण त्या वकील नाहीत आणि त्यांना सांगितलेलं गुप्त राहील असं नाही, म्हणून तिथेही आधी वकिलाला विचारूनच जायचं. अटक झालीच तर ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगायचा त्याला हक्क आहे, ते केस लढवत नाहीत पण घरच्यांना कळवतात.

बाकीच्या वाचकांपैकी कोणाला वाटेल की हे अमेरिकेतलं, आपल्याकडे चालतं. आपल्याकडे रद्द कार्डासाठी असं वेगळं कलम नाही हे खरं, पण दुसऱ्याच्या कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी लबाडीने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड, आणि फसवणुकीचं ३१८ (४), ७ वर्षांपर्यंत. कार्ड चालू की बंद हा प्रश्न तिथेही दुय्यमच.

राहिला घरचा प्रश्न. ह्यांना सांगा ताई. आजच सांगा. वकिलाची फी, कर्ज, कागद, हे तुम्ही एकट्या लपवून निभावू शकणार नाही, आणि नंतर तिसऱ्याकडून कळलं तर त्यांचा राग मुलावर निघेल, जेव्हा मुलाला त्यांचा आवाज हवा असेल. मुलाने जे केलं ते चूक आहे, तीन महिने रोज रोज केलेली चूक आहे, ती मी झाकणार नाही. पण मला तुमच्या पत्रातली दुसरीच एक ओळ जास्त लागली, की काम सुटलं आणि घरी सांगायची लाज वाटली. एफ-१ वर वेगळी परवानगी असल्याशिवाय कॉलेजबाहेर काम करता येत नाही, कॉलेजमध्येच आणि तेही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, ते सुटलं की दुसरं लगेच मिळत नाही. पोरगं फोनवर "सगळं मस्त आहे आई" म्हणत होतं आणि दुसऱ्याच्या कार्डावर डाळ-तांदूळ मागवत होतं.

म्हणून फोन लावाल तेव्हा रागवायचं नंतर ठेवा. आधी विचारा आज काय खाल्लंस, आणि त्याच्या खात्यावर महिन्याच्या किराण्याइतके पैसे टाका, म्हणजे ते ॲप उघडायची वेळच येणार नाही. मग डिटेक्टिव्हचं आणि डिलीट न करण्याचं सांगा. डिटेक्टिव्हने कुठल्या काउंटीतून किंवा शहरातून फोन केला ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि मला कळवा, तिथल्या बार असोसिएशनचा नंबर मी आजच शोधून पाठवते.